तिरकं नाक

१

टेबलावर दोन नाकं शेजारी शेजारी ठेवली होती, आणि त्यातलं एक चोरीचं होतं.

नाक म्हणजे साधा पत्र्याचा डबा. आत छोटा पंखा आणि वास ओळखणारा सेन्सर, बाहेर भोकं पाडलेली लांब नळी. अद्रकीच्या बेण्याच्या ढिगात नळी खुपसायची. पंखा ढिगाच्या पोटातली हवा ओढून घेतो आणि आत कुठं कूज धरली असेल तर डब्यावरचा लाल दिवा लागतो. माणसाला वास येतो तेव्हा निम्मा ढीग हातचा गेलेला असतो. खुलताबादच्या उजमानं हा डबा बनवला आणि तिथल्या शेतकऱ्यांनीच त्याचं नाव ‘नाक’ ठेवून टाकलं.

दुसरं नाक इंदूरहून कुरिअरनं आलं होतं. तिथल्या श्रेया नावाच्या मुलीनं ते बटाट्यांसाठी केलं होतं.

आता या दोघीही ‘राष्ट्रीय अंकुर मंडळा’च्या छत्राखालच्या. नवा धंदा उभारू पाहणाऱ्यांना जागा, सल्ला आणि ओळखी देणारी इन्क्युबेशन सेंटरं देशभर आहेत. त्या सगळ्यांना एका दोरीत ओवणारी, स्वतः नफा न कमावणारी ही संस्था. गावाकडं या सेंटरांना उबवणी म्हणतात आणि पहिल्यांदा आलेला माणूस अंडी कुठंयत म्हणून हमखास विचारतो. तर दिल्लीला मंडळाचा देशभराचा मेळावा भरला, तिथं सकाळी श्रेयानं आपला डबा दाखवला आणि दुपारी उजमानं. सभागृहात कुजबुज सुरू झाली. मंडळाचा नियम कडक: कल्पना चोरणारा बाहेर, आणि त्याचं नाव सगळ्या सेंटरांना कळणार.

खरं-खोटं करायला दिल्लीनं सोनियाला पाठवलं. ती मंडळाची फिरती मार्गदर्शक; मेळाव्याला ती नव्हती. मूळची लासूर स्टेशन गावची, पण आता बॅग हेच तिचं घर. आज या गावात, उद्या त्या गावात. एकीकडचं शहाणपण दुसरीकडं पोचवायचं, अडलेल्याला वाट दाखवायची. उजमाही तिच्याच देखरेखीखालची आणि श्रेयाही. दोघींना ओळखणारं माणूस बरं, असं दिल्लीच्या मॅडमना, म्हणजे मंडळाच्या प्रमुखांना वाटलं.

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या, उजमाच्या या सेंटरमध्ये सोनिया पहिल्यांदाच आली होती. मागच्या खेपेला उजमानं तिला स्टेशनवरून परस्पर खुलताबादलाच नेलं होतं.

“मॅडम, चोर म्हणून नाव पडलं ना, तर खुलताबादेत मला कुणी बेण्याच्या ढिगाजवळ उभं नाय करणार,” उजमा म्हणाली. ती रडत नव्हती. ओढणीचं टोक मात्र तिनं पिळून पिळून दोरीसारखं केलं होतं. “बेणं परक्याला दाखवत नाय आमच्याकडं, नजर लागती म्हणतेत. आत्ता कुठं लोक मला खोलीची किल्ली द्यायला लागलेत. ढिगाशिवाय माझं नाक कुठं खुपसू?”

सोनिया वाकून दोन्ही डबे पाहू लागली. इंदूरच्या डब्याचे एका बाजूचे पाय आखूड होते, त्यामुळं तो एका अंगाला कलला होता. उजमाचा डबा ताठ उभा होता.

“तुझं सरळ कधी केलंस?”

“म्हणजे?”

“आधी तिरकं होतं ना? असंच, एका बाजूला उतार.”

उजमानं शेजारी उभ्या असलेल्या हारिसकडं पाहिलं. हारिस तिचा भागीदार, आतल्या वायरिंगचं सगळं काम त्याचं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

“माझं कधीच तिरकं नव्हतं, मॅडम,” उजमा म्हणाली.

गेल्या हिवाळ्यात सोनियानं ते नाक स्वतःच्या डोळ्यांनी तिरकं पाहिलं होतं. आता इंदूरच्या डब्याशी साम्य दिसू नये म्हणून पोरीनं पाय बदलले असणार. तिला ही पोरगी आवडायची, आणि पोरगी खोटं बोलत होती.

२

सेंटरचे प्रमुख पुंजारामसर. जन्म शिकवण्यात गेला, निवृत्त झाल्यावर घरची शेती भावावर सोडून इथं आले. त्यांनी सोनियाला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, आणि खुर्चीवर न बसता उभ्यानंच बोलायला लागले.

“मॅडम, कुणालाच विचारू नका. गुन्हेगार मीच हाय.”

“तुम्ही?”

“सगळ्या सेंटरांच्या प्रमुखांचा व्हॉट्सॲपचा ग्रुप हाय ना. रोज कुणीतरी कायतरी टाकतंय. आमच्या पोरानं हे केलं, आमच्या पोरीनं ते केलं. माझ्याकडं टाकायला कायच नसायचं. मग एक दिवस मी उजमाच्या नाकाचा फोटो टाकला. न विचारता.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “लई अंगठे आले हो. इंदूरवाल्यानं बी दिला. त्या अंगठ्यांपायी मी पोरीचं वाटोळं केलं.”

त्यांनी फोन पुढं केला. सोनियानं फोटो मोठा करून पाहिला. बाहेरच्या त्याच टेबलावर, खिडकीतल्या उजेडात, उजमाचा डबा उभा होता. बंद. आणि ताठ.

“हा फोटो कधीचा?”

“दिवाळीतला. मागं आकाशकंदील दिसतोय बघा.”

दिवाळीत डबा ताठ, हिवाळ्यात तिनं पाहिला तेव्हा तिरका, आणि आज पुन्हा ताठ? कुणी शहाणा माणूस सरळ वस्तू तिरकी करून परत सरळ कशाला करील? शिवाय हा फोटो पाहून कुणी नक्कल केली असती तर तीही ताठच झाली असती.

“सर, तुम्ही चुकलात. पण चोरी तुमच्या फोटोवरून झालेली नाही.”

पुंजारामसरांचा त्यावर विश्वास बसल्यासारखा दिसला नाही. पापाची सवय नसलेल्या माणसाला एखादं सापडलं की तो ते सहजासहजी सोडत नाही. ते खिडकीशी गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “एक गोष्ट सांगू का? सांगू नये, पण सांगतो. तो हारिस... फाल्गुनात तो आजारी म्हणून सुट्टीवर होता. आजारी नव्हता. इंदूरला गेला होता.”

३

हारिस खाली चहाच्या टपरीवर सापडला. इंदूर म्हणताच त्यानं भरलेला कप तसाच फळीवर ठेवला.

“नोकरीसाठी गेलतो,” तो म्हणाला. “इंटरव्ह्यू होता. घरी बहिणीचं लग्न काढलंय, आणि इथं रोज उद्या होईल, परवा होईल. उजमाला सांगायची हिंमत नाय झाली. ती मला भाई म्हणते मॅडम. आणि मी चोरासारखा रात्रीची बस पकडून गेलो.”

“नाकाबद्दल बोललास तिथं?”

“कसम से, एक लफ्ज नाय. पण गेलो तर होतो ना. तिच्यावर आळ आला त्या दिवसापासून भाकर गोड लागंना. नोकरी बी मिळाली नाय, ते बरंच झालं म्हणा.”

सोनियाला वाटलं, हाताला धागा लागला. पण हारिस उठला, तिला वर घेऊन गेला, आणि खिशातून पेचकस काढून त्यानं इंदूरचा डबा उघडला.

“हे बघा. आतलं सगळं वेगळंय. आमचा पंखा थांबून थांबून ओढतो, हा सारखा फिरतोय. आमच्या नळीची भोकं टोकाकडं मोठी होत जातेत, म्हणजे लांबची हवा बी तेवढीच यावी. ह्यांची सगळी एकसारखी. माझ्याकडून गेलं असतं तर हे गेलं असतं मॅडम, हीच तर माझी सहा महिन्यांची मेहनत हाय.”

सोनिया पाहत राहिली. पोरगं बरोबर बोलत होतं.

“ज्यानं केलं त्याला आतलं कायच माहीत नाय,” हारिस पुढं म्हणाला. त्याच्या आवाजातली भीती गेली होती, आता तो कारागीर झाला होता. “हे कुणीतरी तोंडी सांगितल्यावर केलंय. ढिगात खालून नळी घाल, नळीला भोकं पाड, डबा तिरका ठेव. बस, एवढंच. पण तिरका कायकू, तेच माझ्या डोक्यात जाईना.”

“आतल्या हवेला ओल असते ना. पाण्याचे थेंब जमून सेन्सरवर पडू नयेत, एका बाजूनं ओघळून जावेत म्हणून.”

“अरे, भारीय की!” हारिस खुलला. “हे आपल्याला का नाय सुचलं? कुणी सांगितलं तुमाला?”

सोनिया आठवू लागली. कुणी सांगितलं होतं? उजमानं नाही. श्रेयाचा डबा तर तिनं आजच पहिल्यांदा पाहिला होता. तरी हे थेंबांचं कारण तिच्या जिभेवर तयार होतं, पाठ केलेल्या कवितेसारखं.

“असंच,” ती म्हणाली, आणि तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. “उजमाला हाक मार. तिला म्हणावं, डबा घे. आपण खुलताबादला जाऊ, मी तो पाहिला होता तिथं.”

४

दौलताबादचा घाट चढून गाडी खुलताबादच्या वेशीतून आत शिरली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. उजमाचे वडील हबीब अद्रकीचे व्यापारी. गावाच्या जुन्या तटाला लागूनच त्यांचं गोदाम. त्यांनी हातातली टोपली खाली ठेवून सोनियाला सलाम केला, खाट पुढं ओढली.

“आओ मॅडम. उनात आल्या. पानी पिऊन घ्या आधी.”

गोदामात गारवा होता. कोपऱ्यात, गोणपाटाखाली, लावणीसाठी राखलेल्या बेण्याचा ढीग होता. हिवाळ्यात सोनिया आली तेव्हा इथं काढणीची अद्रक धुण्याची घाई होती. चिखलपाणी, घरातल्या बायकांची गडबड, आणि त्याच कोपऱ्यात ढिगाशेजारी फरशीवर ठेवलेलं नाक.

“उजमा, डबा तिथं ठेव. तेव्हा होता तसा.”

उजमानं डबा ढिगाशेजारी फरशीवर ठेवला. सोनिया खाली बसली.

डबा तिरका होता.

“हे बघ!” सोनिया जवळजवळ ओरडलीच. “मी म्हणत होते ना!”

“मॅडम, डबा नाय तिरका,” उजमा शांतपणे म्हणाली. “फरशी तिरकीय.”

हबीबमियांना हसू आलं. त्यांनी लोट्यातलं पाणी फरशीवर ओतलं. पाणी सरसर धावत तटाकडच्या मोरीत गेलं. “अद्रक धुतो ना इथं. चिखल वाहून जायला नको? म्हून उतार ठेवूनच फरशी बसवली. इथं काय बी ठेवा, तिरकंच बसतंय.”

सोनिया उठली नाही. ती त्या ओल्या रेघेकडं पाहत राहिली, आणि डोक्यात एकेक गोष्ट आपल्या जागी जाऊन बसू लागली. उजमा खोटं बोलली नव्हती. डबा कधीच तिरका नव्हता. तो फक्त या फरशीवर तिरका दिसत होता. उजमाला आणि हबीबमियांना उतार माहीत होता. हारिसनं आणि पुंजारामसरांनी डबा सेंटरमधल्या टेबलावर रोज ताठ पाहिला होता. यातल्या कुणीही तिरकेपणा डब्याचा आहे असं कधी समजलं नसतं. ती चूक एकाच माणसाकडून होऊ शकत होती. ज्यानं डबा फक्त इथं पाहिला, दुसरीकडं कुठंच नाही.

तिनं विचारलं, पण जे उत्तर येणार होतं ते तिला नको होतं.

“चाचा, हिवाळ्यात इथं बाहेरचं कोण कोण आलं होतं?”

“बाहेरचं?” हबीबमिया बुचकळ्यात पडले. “इथं बेण्यापाशी परक्याला घेतच नाय आम्ही. भाऊबंदाला बी नाय. उजमा लई मागं लागली, अब्बा, मॅडम आपल्याच हायेत, त्यांच्यापासून काय लपवायचं. म्हून तुमाला तेवढं आत घेतलं.”

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं कळसा चोरीचा होता आणि काख तपासनिसाचीच होती. सोनिया गोदामाबाहेर येऊन तटाच्या सावलीत उभी राहिली. लाज म्हणावी तशी लाज तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होती.

आणि आता कुठं तिला इंदूर आठवलं, रोज कुणाला तरी दिलेल्या सल्ल्यांत बुडून गेलेलं. शीतगृहाच्या पायरीवर बसलेली श्रेया, प्रयोग फसलेला, डोळे सुजलेले. घरी परत जाते म्हणत होती. सोनियानं तिच्या पाठीवर हात ठेवला होता आणि बोलत गेली होती: वरून नको, ढिगात खालून नळी घाल. नळीला भोकं पाड. आणि डब्याला उतार दे, थेंब ओघळून जातील. श्रेयाचा चेहरा उजळत गेला तसतसं सोनियाला आणखी सुचत गेलं. सुचत गेलं, असंच तिला वाटलं होतं! खुलताबाद तिच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं, उरलं होतं ते फक्त शहाणपण. इतक्या गावांचं इतकं ऐकलेलं असतं की कुठलं कुणाचं ते राहत नाही, आणि थोड्या दिवसांनी सगळं आपलंच वाटायला लागतं. थेंबांचं कारण तर तिनं स्वतः रचलं होतं, फरशीच्या उतारावर.

तिनं श्रेयाला फोन लावला.

“श्रेया, तुला ही कल्पना कुणी दिली, हे तू दिल्लीत का नाही सांगितलंस?”

“मॅडम, तुम्हीच म्हणाला होता. माझं नाव घेऊ नकोस, मंडळाच्या माणसानं एकीलाच झुकतं माप दिलं असं दिसेल. मला लोक चोर म्हणाले तरी मी बोलले नाही. तुमच्या डोक्यातली कल्पना तुम्ही मला दिलीत. मी तुमचं नाव कसं घालवू?”

सोनियानं फोन ठेवला. एकीनं विश्वासानं खोली उघडली, दुसरीनं कृतज्ञतेनं तोंड बंद ठेवलं, आणि दोघींच्या मधे उभी राहून ती चोर शोधायला निघाली होती. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, वर राखणीचं मानधन घेतलं होतं.

तिनं दिल्लीला फोन लावला. उजमा आणि हबीबमिया दारात येऊन उभे होते. त्यांच्यासमोरच बोलायचं, असं ठरवून तिनं स्पीकर चालू केला आणि मॅडमना सगळं सांगितलं, उताराच्या फरशीपासून शीतगृहाच्या पायरीपर्यंत.

मॅडम अनुभवी बाई. त्या शांतपणे म्हणाल्या, “सोनिया, असं होतं. मार्गदर्शकाचं काम दुसरं काय असतं? योगायोग म्हणून लिही. दोघींना वेगवेगळं सुचलं. दोघी राहतील, तूही राहशील, मंडळाचंही नाव राहील. कुणाचं नुकसान?”

सोनियाच्या मनानं एकदम उडी घेतली. हे तिला स्वतःपाशीही नाकारता येईना. योगायोग! किती मऊ शब्द आहे. तिनं वर पाहिलं. उजमा भिंतीला हात टेकून ऐकत होती. ती काही बोलणार नव्हती, मॅडमपुढं ती कधीच बोलली नसती. पण तिच्या ओठांवर ते दिसत होतं: योगायोग म्हटलं की दोघींवरही निम्मा निम्मा डाग राहणार, आणि खुलताबादेत निम्म्या डागाला कुणी किल्ली देत नाही.

“योगायोग नाही, मॅडम,” सोनिया म्हणाली. “चोरी झाली. कल्पना उजमाची. श्रेयानं चोरली नाही, तिला मी दिली. चोर मी आहे.”

“विचार कर. नियमाप्रमाणं तुझं नाव सगळ्या सेंटरांना कळवावं लागेल. पुन्हा कुणी तुला दारात उभं करणार नाही.”

“कळवा.”

फोन बंद झाला. हबीबमिया आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. सोनियानं तो घेतला आणि तसाच पायाशी ठेवला. उजमानं रडावं, शिव्या द्याव्यात, निदान आभार मानावेत, असं काहीतरी व्हावं असं तिला वाटत होतं. माफीची आशा माणूस किती लवकर धरतो!

उजमा जवळ आली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरीखुरी काळजी होती.

“मॅडम, तुम्ही लई गावं फिरता. माझं इंदूरला गेलं, ते आज कळलं. बाकीच्यांचं काय? कुणाकुणाचं कुठं कुठं दिलंय तुम्ही?”

सोनियानं आठवायचा प्रयत्न केला. चेहरे आठवले, सेंटरं आठवली, तिच्या सल्ल्यानं उजळलेले कितीतरी डोळे आठवले. पण सल्ले कुठून आणले होते, ते एकाचंही आठवेना.

“सांगा ना,” उजमा म्हणाली. “त्यांना कळवावं लागंल.”

“मला माहीत नाही, उजमा,” सोनिया म्हणाली.